सासूबाईंचा चरखा आणि अकरा ग्रॅमची तार

सूत तुटलं की सासूबाई चरख्याकडे बघत नसत, माझ्याकडे बघत. जणू काही मीच तोडलं!

गेल्या वर्षी अंगणात पाय घसरून त्या पडल्या आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. वय चौऱ्याऐंशी. दीड महिन्यानं प्लास्टर निघालं, पण मनगट लाकडासारखं झालं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबराचा मऊ चेंडू दिला आणि दिवसातून चार वेळा दाबायला सांगितलं. दोन दिवस त्यांनी तो दाबला. तिसऱ्या दिवशी चेंडू नातवाच्या हातात ठेवून म्हणाल्या, ‘‘मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे चेंडूशी खेळायला? माझा चरखा काढा माळ्यावरून.’’

आमचं घर वर्ध्याचं. १९३७ साली याच गावात शिक्षण परिषद भरली आणि हातांच्या कामातून शिक्षण देणारी ‘नई तालीम’ जन्माला आली. सासूबाई लहानपणी तशाच एका बुनियादी शाळेत शिकल्या. पाटी-पुस्तकाबरोबर टकळी आणि पेळू घेऊन शाळेत जायचं, रोज ठरलेले तार कातायचे, महिनाअखेर गुंड्या मोजून द्यायच्या. त्यांच्या वडिलांनी त्यांना उभा चरखा करून दिला होता, तो लग्नात त्यांच्याबरोबर या घरी आला. मधल्या तुंब्यात बसवलेले सागवानी आऱ्यांचे दोन पदर आणि आऱ्यांच्या टोकांवरून नागमोडी ओवलेली सुतळी. या चाकाला लाकडी धाव नसते, सुतळीचीच धाव. तिच्यावरून माळ फिरते आणि चातीला फिरवते.

माळ्यावरून काढताना एक आरा मोडला. सुतारानं दुसरा घालून दिला. त्यानं मनापासून काम केलं होतं. ‘‘बाभळीचा घातलाय ताई, आता सात पिढ्या मोडत नाही,’’ म्हणाला. मोडला नाहीच. पण त्या दिवसापासून सासूबाईंचं सूत सलग चार हात टिकेना. कधी ऐन ओढण्यात तुटे, कधी पीळ जास्त होऊन त्याच्या गाठी वळत. आठ दिवस त्यांनी नेट लावला. नवव्या दिवशी चरख्यावर जुनं धोतर पांघरून त्या खिडकीशी जाऊन बसल्या. ‘‘हात गेला आता माझा,’’ एवढंच बोलल्या. त्यानंतर चेंडूही नाही आणि चरखाही नाही. मनगट पुन्हा आखडायला लागलं.

हात गेला नव्हता, चाक बिघडलं होतं. पण हे मला कळलं ते वर्ध्यात नाही. पार तिकडे कावेरीकाठी, कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैला!

साक्कोट्टैची चिंधी

आमच्या ह्यांचे बँकेतले एक जुने स्नेही निवृत्त होऊन साक्कोट्टैला राहतात. ते तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तिकडे गेलेल्या आणि तिथलेच झालेल्या घराण्यांपैकी. त्यांचं मराठी ऐकायला कान जरा तयार करावा लागतो, पण गोड. साक्कोट्टै कुंभकोणमच्या दक्षिणेला अगदी लागून आहे. गावात अमृतकलशनाथाचं प्राचीन शिवमंदिर आहे. प्रलयाच्या पाण्यावरून वाहत आलेल्या अमृतकुंभाच्या कलशाशी या स्थानाची कथा जोडलेली आहे. संत सुंदररांनी इथल्या देवावर पदं रचली, म्हणून तमिळ शैवांना हे ठिकाण फार मोलाचं. दर्शन झालं, आणि परतताना वहिनी म्हणाल्या, ‘‘चला, तुम्हाला रेशमाचं काम दाखवते.’’

कुंभकोणमच्या परिसरात रेशमी साड्या विणणारी पुष्कळ सौराष्ट्री कुटुंबं आहेत. शतकांपूर्वी गुजरातेकडून निघून दक्षिणेत स्थिरावलेली ही मंडळी. त्यांच्या बोलीत गुजराती आणि मराठीच्या खुणा सापडतात. आम्ही गेलो त्या घरात म्हातारीनं ‘पानी’ म्हणून तांब्या पुढे केला आणि मी एकदम घरी आल्यासारखी बसले.

आत मुलगा मागावर होता. म्हातारी ओसरीवर कांड्या भरत होती. कांड्या भरायचा रहाट म्हणजे सायकलचं चाक! टायर नाही, ट्यूब नाही, नुसती लोखंडी धाव आणि तारा. धावेच्या खोबणीतून माळ गेलेली. चाक इतकं अलगद फिरत होतं की त्या नुसत्या बोटानं मूठ ढकलत होत्या. माझं लक्ष गेलं ते तारांमध्ये बांधलेल्या एका लाल चिंधीकडे. धावेच्या आतल्या बाजूला, एकाच ठिकाणी, घट्ट गुंडाळून बांधलेली. मला वाटलं दृष्ट लागू नये म्हणून असेल. तसं विचारलं.

वहिनींनी माझा प्रश्न तमिळमध्ये सांगितला तशी म्हातारी खुदकन हसली. तिनं रहाट थांबवला, माळ उतरवली, चिंधी सोडली आणि चाक मोकळं सोडून दिलं. चाक थोडं डुललं, मागे-पुढे झालं आणि थांबलं. तिनं पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच, आणि थांबताना धावेचा जोड पुन्हा अगदी तळाशी. तिसऱ्यांदाही तसंच. मग तिनं चिंधी जोडाच्या बरोबर समोर बांधली. आता चाक जिथं सोडावं तिथं राहू लागलं.

‘‘त्या म्हणतायत, चाकाचं पोट एका बाजूला असलं की रेशीम रागावतं,’’ वहिनींनी अर्थ सांगितला.

मला तिथल्या तिथे आमचा बाभळीचा आरा आठवला.

चाक का रुसतं?

परत येताना गाडीत मी कागदावर आकडे मांडत होते. (मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलंय, तेव्हा एवढी हौस माफ असावी.) आमच्या चरख्याचं चाक साधारण साठ सेंटिमीटर व्यासाचं. चातीवर माळ जिथं बसते ती जागा जेमतेम सहा मिलिमीटरची. म्हणजे चाकाचा एक फेरा झाला की चाती शंभर गिरक्या घेणार. आजीबाई सावकाश, सेकंदाला एक फेरा देत असल्या तरी चाती मिनिटाला सहा हजार वेळा फिरते! आपल्या छताच्या पंख्याच्या कितीतरी पट.

आता चाकाची एक बाजू जड आहे असं धरा. जड आरा खाली येताना चाक आपोआप पुढे धावतं, तो वर चढताना रेंगाळतं. चाकाचं हे धावणं-रेंगाळणं डोळ्यांना जाणवतही नाही, पण चातीपर्यंत ते शंभर पटींनी पोहोचतं. डावा हात मात्र पेळू त्याच गतीनं मागे ओढत असतो. म्हणजे सुताच्या एका वितीत पीळ जास्त आणि पुढच्या वितीत कमी. कमी पिळाच्या ठिकाणी कापसाचे तंतू एकमेकांना धरत नाहीत, सुटून येतात. तिथं सूत तुटतं. जास्त पिळाच्या ठिकाणी ते वळतं आणि त्याच्या गाठी होतात. सासूबाईंचे दोन्ही त्रास एकाच आऱ्यातून आले होते.

मग इतर लोक असल्या चाकांवर कसे कातत असतील? याचं उत्तर मनगटात आहे. धडधाकट हात नकळत चाकाचा दोष झाकतो. चढाला थोडा जोर, उताराला थोडा आवर. वर्षानुवर्षांच्या सवयीनं कातणारीला हे कळतही नाही. सासूबाईंच्या आखडलेल्या मनगटाला ती सावरासावर जमत नव्हती. म्हणून मोडका हात आणि जड आरा एकत्र आले तेव्हाच सूत तुटायला लागलं, आणि दोष बिचाऱ्या हाताच्या माथी आला.

चातीचं दुखणं वेगळं. चाक सावकाश फिरतं, म्हणून त्याला वजनाची चढउतार नडते. चाती प्रचंड वेगानं फिरते, म्हणून तिला वाकडेपणा नडतो. वेग दुप्पट झाला की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. वीस ग्रॅमच्या चातीचा मध्य अर्धा मिलिमीटर जरी बाजूला सरकला असेल, तरी मिनिटाला सहा हजार फेऱ्यांना चातीच्या आधारावर चारशे ग्रॅमच्या आसपास ओढ बसते, आणि तीही सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलत! चाती गुणगुणायची सोडून खडखडायला लागते ती यामुळे. चाती सरळ आहे का ते बघायला ती सपाट काचेवर लाटण्यासारखी फिरवावी. खालून उजेडाची फट कमी-जास्त दिसली तर ती वाकडी आहे. आमची सरळ होती. तो जीव वाचला.

कणकेचा गोळा आणि दोन पट्ट्या

घरी आल्यावर मी रविवारची वाट पाहिली. सासूबाईंना काही सांगितलं नाही, उगाच आशा लावायची नाही म्हणून.

पहिलं काम चाक सरळ करण्याचं. वाकडं चाक आणि असमतोल चाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वाकडेपणा आधी काढावा लागतो. धावेजवळ पेन्सिल धरून चाक हळू फिरवलं. सुतळी एका ठिकाणी पेन्सिलीला घासत होती, दुसरीकडे बोटभर लांब जात होती. नव्या आऱ्यापाशी सुतळी सैल होती. ती सगळी ताणून पुन्हा ओवली. यालाच अर्धा दिवस गेला, आणि ज्यांना घाई असेल त्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग समतोल. चाक चरख्याच्या खांबांत असतानाच बघायचा मी आधी प्रयत्न केला, पण तिथं आस घासत असल्यानं चाक कुठंही थांबायचं. म्हणून आसासकट चाक बाहेर काढलं. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, त्यांवर पोलादी फूटपट्ट्या कडेवर उभ्या करून विटांच्या आधारानं घट्ट बसवल्या आणि आसाची दोन टोकं त्या कडांवर ठेवली. पट्ट्या समपातळीत हव्यात, नाहीतर चाक उताराकडेच घरंगळतं. मी पट्ट्यांवर काचेची गोटी आडवी सोडून खात्री केली. मूठ काढायची नाही हे लक्षात ठेवा. मूठ चाकाबरोबर फिरते, तिचंही वजन हिशेबात येतं.

चाक हलकेच ढकललं. थांबलं तेव्हा तळाशी खडूची खूण केली. सहा वेळा केलं. पाच खुणा बाभळीच्या आऱ्याजवळ! सहावी थोडी बाजूला, तेव्हा मांजर मध्ये आलं होतं.

आता समोरच्या बाजूला वजन चढवायचं. हाताशी कणीक होती, तिची सुपारीएवढी गोळी आऱ्याच्या टोकाला चिकटवली. चाक तरीही फिरलं, पण सावकाश. आणखी थोडी. मग जड आरा घड्याळाच्या तीनच्या जागी आडवा ठेवून बघितला, मग नऊच्या जागी. चाक जागच्या जागी राहिलं तेव्हा मला जो आनंद झाला तो बोर्डाच्या निकालालाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाक पुन्हा बिघडलेलं. कणीक रात्रीत वाळली होती, तिच्यातलं पाणी उडालं आणि वजन घटलं! विज्ञानाच्या बाईंनी ही चूक करावी याबद्दल आमचे हे अजून चिडवतात. मग मेण लावून पुन्हा सगळं केलं. समतोल झाल्यावर मेणाचा गोळा सोनाराकडे नेऊन तोलला. अकरा ग्रॅम. तेवढ्याच वजनाची तांब्याची बारीक तार आणली आणि त्याच जागी आऱ्याला गुंडाळली.

अकराच का? आमचा मोडका सागवानी आरा मी जपून ठेवला होता. बाभूळ सागापेक्षा जड. त्याच मापाचा बाभळीचा आरा वीस-बावीस ग्रॅमनं जास्त भरतो. पण आऱ्याचं वजन तुंब्यापासून टोकापर्यंत पसरलेलं असतं, म्हणजे सरासरी मध्यावर. टोकाला वजन लावलं तर ते निम्मं पुरतं. तारेऐवजी एखाद्याला तुंब्याजवळ खिळा ठोकायचा असेल तर खिळा बराच जड लागेल. अंतर निम्मं तर वजन दुप्पट, साधा तराजूचा नियम. आणि ठोकण्यापेक्षा बांधणं बरं. लाकूड पावसाळ्यात पाणी पितं, उन्हाळ्यात सोडतं, त्याप्रमाणे समतोल थोडा इकडेतिकडे होतो. बांधलेलं सोडता येतं.

लाखाचं बक्षीस

चरखा घरच्या घरी दुरुस्त व्हावा ही काही माझी एकटीची हौस नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख! अटी वाचल्या की गांधीजींचा हिशेबी स्वभाव दिसतो. चरखा हलका हवा, खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालावा, बाईनं आठ तास चालवला तरी फार थकू नये, तेवढ्या वेळात सोळा हजार फूट सूत निघावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी. आणि वेळच्या वेळी दुरुस्ती केली तर वीस वर्षं चालावा, दुरुस्तीला फार खर्च येऊ नये.

या बक्षिसासाठी आपल्या किर्लोस्करवाडीतूनही प्रयत्न झाला. गणेश भास्कर काळे यांनी तिथं यंत्र तयार केलं. पण सगळ्या अटींना ते उतरलं नाही आणि लाखाचं बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मला वाटतं यंत्रानं सूत जास्त काढणं आणि झोपडीतल्या बाईला ते दुरुस्त करता येणं या दोन अटी एकमेकींच्या सवती आहेत. पुढे १९५०च्या दशकात तामिळनाडूच्या एकांबरनाथन यांचा अंबर चरखा आला. त्याच्यावर एकाच वेळी अनेक चात्या फिरतात आणि सूतही भरपूर निघतं. मात्र त्यातल्या भागांना कणकेच्या गोळीनं ताळ्यावर आणता येणार नाही.

मधल्या काळात पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजींच्या प्रयोगांतून पेटी चरखा घडला. दोन लहान चाकं, एक दुसऱ्याला फिरवतं आणि दुसरं चातीला. त्यामुळे मोठ्या चाकाचं काम वीतभर जागेत होतं आणि झाकण लावून तो प्रवासात नेता येतो. ‘येरवडा चक्र’ हे त्याचं नाव. वर्ध्याला मगनवाडीत मगन संग्रहालय आहे. गांधीजींच्या हस्ते १९३८च्या डिसेंबरात ते उघडलं. तिथं नाना तऱ्हेचे चरखे ओळीनं मांडलेले दिसतात. मी अनेकदा गेले होते, पण यावेळी गेले तेव्हा प्रत्येक चाकाच्या आऱ्यांमध्ये कुठं काही बांधलंय का ते शोधत हिंडत होते.

आता घरातल्या इतर चाकांबद्दल थोडं, कारण शेजारणींनी विचारायला सुरुवात केलीच आहे. छताचा पंखा डुलत असेल तर आधी पात्यांवरची धूळ पुसा आणि स्क्रू आवळा. निम्म्या वेळा तेवढ्यानंच भागतं. पाती वजन जुळवून एकत्र येतात, म्हणून एका पंख्याचं पातं दुसऱ्याला लावू नये. तरीही डुलला तर बटण बंद करून, पंखा पूर्ण थांबल्यावर एकेका पात्याच्या वरच्या बाजूला एक रुपयाचं नाणं चिकटपट्टीनं घट्ट लावून बघावं. ज्या पात्यावर लावल्यानं डोलणं कमी होतं, ते हलकं. मोटारीच्या चाकाच्या कडेला टायरवाला शिशाचे तुकडे ठोकतो, तेही हेच. पण मिक्सर, गिरणी, इंजिन यांच्या चाकांना घरी हात लावू नका. तिथं वेग इतका असतो की सुटलेला तुकडा गोळीसारखा येतो. डिझेल इंजिनाच्या बिडाच्या चाकाला तडा दिसला तर ते बदलायचंच.

सोमवारी दुपारी मी चरख्यावरचं धोतर काढलं. माळ चढवली, चामड्यांना तेलाचा थेंब दिला आणि काहीच न बोलता स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आवाज नाही. मग चाती गुणगुणायला लागली. थांबली. पुन्हा लागली. मी डोकावून बघितलं नाही, पण पोळी करपली.

संध्याकाळी त्यांनी तार मोजले. चाळीस. चार वेळा तुटलं होतं. दीड महिन्यानं पहिली लटी झाली, एकशे साठ तार एका बैठकीत, आणि व्यायामाच्या बाईंनी मनगट वळवून बघताना विचारलं, ‘‘चेंडू नियमित दाबताय ना?’’ सासूबाईंनी मान डोलावली.

तांब्याच्या तारेबद्दल त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं. श्रावणात पाऊस लागून राहिला होता, तेव्हा एकदा बघितलं तर त्या चष्मा लावून तीच तार सोडत बसल्या होत्या. दोन वेढे काढून बाकीची त्यांनी परत गुंडाळली.

‘‘काढलेली कुठं ठेवलीत?’’ मी विचारलं.

‘‘सुयांच्या डबीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दिवाळीनंतर परत लागेल.’’